न लंगडता

पायऱ्या संपल्या असं मला वाटलं, आणि अजून एक होती. एवढंच झालं. गुरुवार, सकाळचे सात, दोन हातांत रिसायकलिंगची निळी पेटी, तिच्यावर हनुवटी टेकवलेली, म्हणून खालचं दिसत नव्हतं. उजवा पाय जमीन समजून पुढे गेला आणि घोटा बाहेरच्या बाजूला वळला. आवाज आला. ओली काडी मोडावी तसा. नाही, ओली काडी आवाज करत नाही. गाजर मोडावं तसा. दुधाचे रिकामे कॅन ड्राइव्हवेवरून गडगडत रस्त्यापर्यंत गेले आणि मी त्याच पायरीवर बसून राहिलो, जिच्यावरून अकरा वर्षं रोज उतरतो आहे. दुखणं लगेच आलं नाही. आधी लाज आली. कुणी पाहिलं का?

पाहिलं होतं. आमच्या ड्राइव्हवेकडे शेजारच्या मिसेस गेराटींच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. एकोणिसाव्या वर्षी आयर्लंडमधल्या मेयोहून इथे वुस्टरला आली, इस्पितळात फरशा पुसल्या, मग तिथेच स्वयंपाकघरात लागली, नवरा पुरला, मुलगा फ्लोरिडाला गेला. त्या बोलावून येणाऱ्यांपैकी नव्हत्या. गवतातून, चपलांसकट, हातात एक निळ्या काठाचा वाडगा, त्यावर बशी झाकलेली, अशा आल्या. "हलू नकोस, पोरिक." माझं नाव परीक्षित. त्यांना ते एकदाही जमलं नाही. पोरिक म्हणजे त्यांच्याकडचा पॅट्रिक, त्यांच्या थोरल्या भावाचं नाव. मी ते घेऊन टाकलं होतं. वाडग्यात काळपट, बुळबुळीत लगदा होता. गॅरेजमागे त्यांनी केसाळ पानांचं एक झाड लावलं आहे, त्याच्या मुळाचा कीस. त्या झाडाला त्या निटबोन म्हणतात, हाडं विणणारं. वास काकडीचा आणि ओल्या मातीचा. त्यांनी माझा मोजा उतरवला, म्हणजे माझ्या आईनंतर माझ्या पायाला असा न विचारता हात लावणारं कुणी नव्हतं, आणि तो लगदा घोट्यावर थापला. मग एप्रनच्या खिशातून काळी लोकर काढली आणि गाठी मारायला लागल्या. प्रत्येक गाठीला ओठ हलत होते. आवाज नाही. मी मोजल्या. मोजणं ही माझी सवय आहे. नऊ.

सीमा कारची किल्ली घेऊन बाहेर आली. "अरे, काय केलंस?"

"पायरी."

"पायरी काय पायरी? बघू. अरे देवा. आणि हे काय, काळा दोरा? नजर काढताहेत का त्या तुझी?"

"हळू बोल."

"त्यांना काय कळतंय मराठी!"

"काय म्हणते ती?" मिसेस गेराटींनी मान वर न करता विचारलं.

"म्हणते, आमच्याकडेही असा दोरा बांधतात."

"मग शहाणी आहे." त्यांनी दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. "आता ऐक. दोरा कापायचा नाही, सोडायचा नाही. तो आपला आपण गळून पडेल. आणि मला थँक यू म्हणायचं नाही. काही द्यायचं नाही. शब्दसुद्धा नाही."

"थँ—" मी म्हणालो आणि गिळलं. त्या हसल्या. दात पिवळे, हसणं एकदम मुलीचं. आणि मग दिवसभर, एक्स-रे काढायला गेलो तेव्हा, तिथल्या बाईने व्हीलचेअर पुढे केली तेव्हा, मी थँक यू थँक यू म्हणत राहिलो, पण ते एक, न म्हटलेलं, घशात माशाच्या काट्यासारखं अडकून होतं. नागपूरच्या आमच्या घरात कुणी कुणाला धन्यवाद म्हणत नसे. आईने पाणी दिलं तर पाणी प्यायचं. इथे येऊन मी शिकलो. दार धरणाऱ्याला, सुटे देणाऱ्याला, चुकीची ऑर्डर आणणाऱ्यालाही. एकदा फोनवर आईला चुकून थँक यू म्हणालो तर ती म्हणाली, "परीक्षित, बरं आहे ना रे तुझं?"

हाड शाबूत होतं. लिगामेंट फाटलेलं. सहा आठवडे, डॉक्टर म्हणाले, पट्टा वापरा, चालणं टाळा.

रविवारी वाडगा परत करायला गेलो. इथे मला थांबायला हवं. कारण जे झालं ते मी केलं असं म्हणता येत नाही, माझ्या हाताने केलं. वाडगा धुतला, पुसला, आणि तो रिकामा घेऊन दाराबाहेर पडता येईना. भांडं रिकामं परत द्यायचं नाही. हे मला कुणी कधी शिकवलं नाही, कुणी कारण सांगितलं नाही. डाव्या पायाआधी उजवा टाकावा तसं ते आहे. फ्रिजमध्ये पाहिलं. सीमाने आठवडाभर काही केलं नव्हतं. मग आई करायची तेच केलं, काही नसलं तर मूठभर साखर तरी. मूठभर साखर घातली, बशी झाकली, कुबडी न घेता त्यांच्या दारापर्यंत गेलो. आणि सगळ्या वाटेने मी स्वतःवर खूश होतो की मी थँक यू म्हणणार नाही आहे.

त्यांनी बशी उचलली. "हे काय आहे?"

"साखर."

"साखर कशाला?"

"आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत."

त्या साखरेकडे पाहत राहिल्या. बाहेर कुणाचा तरी पानं उडवायचा लीफ ब्लोअर चालू होता, तो बंद झाला. "आणि आमच्यात ह्यावर काही घेत नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाने आयुष्यात एक अंडं घेतलं नाही. बाहेर बर्फ आणि घरात सहा पोरं, आणि माणूस कोंबडी घेऊन दारात उभा, तरी नाही. घेतलं की हात जातो, हाताचा गुण जातो." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वाडगा त्यांनी कठड्यावर ठेवला, आत नेला नाही.

"मी परत घेतो," मी म्हणालो.

"मी हातात घेतला ना."

"मिसेस गेराटी, मला माहीत नव्हतं की साखर—"

"तुला कसं माहीत असणार." त्यांनी बशी पुन्हा वाडग्यावर झाकली. "गाठींवर म्हणायचं ते बापाने मला दिलं. बाप्याने बाईला द्यायचं, बाईने बाप्याला. तोंडातून कानात. कागदावर नाही, फोनवर नाही. माझ्या मुलाला, केव्हिनला तीनदा विचारलं, तो हसतो. महिनाअखेर तो मला घेऊन जायला येतोय, घर विकलंय. मी ठरवलं होतं—" त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "कळेल. दोरा पडायच्या आत पाय बरा झाला तर वाचलं. नाही झाला तर गेलं. गेलेलं कुणाला देता येत नाही."

मी टेस्टर आहे. तेवीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर मोडून बघणं हा माझा धंदा. फेल झालेल्या टेस्टसमोर मी कधी पास लिहिलेलं नाही. एकदा व्हाइस प्रेसिडेंटने फोन करून सांगितलं तरी लिहिलं नाही. आणि माझा ह्या दोऱ्यावर विश्वास नाही, हे इथे स्वच्छ सांगून ठेवतो. असं असताना सोमवारी सकाळी मी पायाचा पट्टा काढून कपाटात टाकला, बूट घातले, आणि ड्राइव्हवेतून मेलबॉक्सपर्यंत चालत गेलो. न लंगडता.

टाच. कडा. बोटं. उजव्या टाचेवर वजन आलं की घोट्यातून एक तार पोटरीत जाते, ती तोंडावर येऊ द्यायची नाही. पाऊल लहान टाकायचं नाही, लहान टाकलं की कळतं. डावा हात जास्त हलवायचा नाही. खिडकीकडे बघायचं नाही. पडदा बाजूला होता. बत्तीस पावलं जायला, बत्तीस यायला. मेलबॉक्समध्ये सोमवारी सकाळी सातला काही नसतं. मी तो उघडला, आत हात घातला, बंद केला. घरात आलो आणि बुटांच्या रॅकला धरून उभा राहिलो, घामाने पाठ भिजलेली, आणि स्वानंदी कॉर्नफ्लेक्सचा बाउल घेऊन बघत होती. पंधरा वर्षांची आहे. "बाबा, यू आर लिम्पिंग."

"आत्ता. बाहेर नव्हतो."

"व्हाय वुड यू लिम्प ओन्ली इनसाइड?"

काय सांगू? की बाहेर एक म्हातारी आहे आणि तिचा हात माझ्या घोट्यात आहे? तिला सांगितलं असतं तर कळलं असतं कदाचित. सात वर्षांची असताना तिने गॅरेजमध्ये बोट कापून घेतलं होतं तेव्हा मिसेस गेराटींनी कोपऱ्यातलं कोळिष्टक काढून त्यावर गुंडाळलं, आणि काट्यासाठी पावाचं गरम पोटीस, आणि खाजरी पानं लागली की शेजारी उगवलेलं दुसरं पान चोळायचं, रोग असतो तिथेच उतारा उगवतो म्हणून. स्वानंदीने ते कोळिष्टक तीन दिवस बोटावरून काढू दिलं नव्हतं. सीमा आंबेहळद उगाळून बसली होती, ती वाया गेली.

दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. कॉल चालू असताना कानात इअरफोन घालून, त्यांना दिसावं म्हणून मुद्दाम त्यांच्या बाजूने. सीमा म्हणाली, "झाली का परेड? अरे, डॉक्टरांनी काय सांगितलंय? सुजलाय बघ केवढा. दोरा रुतायला लागलाय. काप तो."

"कापायचा नाही."

"तू खरंच— यार, परीक्षित, तू नागपूरला असताना कुणाकडे सत्यनारायणाला जायचा नाहीस. मी आणलेला गंडा तू बांधला होतास का स्वानंदीला? नाही. आणि हिचा दोरा..."

तिचं बरोबर होतं. उत्तर होतं, पण ते तिला माहीत नव्हतं, कारण लग्नाच्या एकोणीस वर्षांत मी ते सांगितलेलं नाही. मी पायाळू आहे. पायांकडून जन्मलेलो. आमच्या वर्धा रोडच्या क्वार्टर्समध्ये कुणाची उसण भरली की माणूस आमच्या दारी यायचा, सतरंजीवर पालथा पडायचा आणि आई मला खेळातून हाक मारायची. मी मळका पाय त्याच्या कमरेवर ठेवायचा, तीनदा दाबायचा, झालं. कुणी काही देत नसे. मला ते आवडायचं, हे कबूल करायला हवं. मोठी माणसं, बाबांचे साहेबसुद्धा, जमिनीवर, आणि माझा पाय वर. मी बारा वर्षांचा असताना पेंढारकर काका आले. वाकलेले, तोंड पांढरं पडलेलं, भिंत धरून. मी पाय दिला. ते उठले, ताठ उभे राहिले, म्हणाले, "गेली बघ! हा पोरगा म्हणजे काय आहे!" माझ्या डोक्यावर हात फिरवला. मी पतंग आणायला गच्चीवर पळालो आणि गच्चीवरून खाली पाहिलं. काका फाटकापर्यंत ताठ चालत गेले. फाटकाबाहेर पडले, वळणावर आले, आमच्या दारातून दिसणार नाही अशा जागी, आणि तिथे त्यांनी भिंतीला दोन्ही हात लावले आणि हळूहळू, हळूहळू उकिडवे बसले. पाच मिनिटं बसले. मी मोजली. त्यानंतर मी कुणाच्या पाठीवर पाय ठेवला नाही. आई ओरडली, मारलं, तरी नाही. मला वाटलं होतं काका खोटारडे आहेत. सगळेच. सगळे जण वळणापर्यंत ताठ चालत जात असणार आणि मी, एवढा मोठा गाढव, गच्चीवरून कधी पाहिलंच नव्हतं.

काकांना मी विचारायला हवं होतं की वळणाआधी किती दुखत होतं. आता मला ते पावलागणिक कळत होतं.

दुसऱ्या आठवड्यात एक माणूस आपली व्हॅन मिसेस गेराटींच्या दारात लावून उतरला. इलेक्ट्रिशियन, मनगट छातीशी धरलेलं. मी ड्राइव्हवेत होतो, अर्थातच होतो. मिसेस गेराटी दारात आल्या, जाळीचं दार उघडलं नाही. "अर्जंट केअरला जा," त्या म्हणाल्या.

"अर्जंट केअर? नोरा, माझ्या बापाचं, माझं, माझ्या बायकोचं, सगळ्यांचं तूच—"

"जा, टॉमी. मला ठाऊक नाही, हात आहे का अजून."

ठाऊक नाही, आहे का अजून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जाळीतून, म्हणजे डोळे दिसले नाहीत, फक्त चेहऱ्याची दिशा. मी आमच्या दारच्या पायऱ्या चढायला लागलो. कठडा न धरता, एक आड एक पायरी.

का, हे मी अजून शोधतो आहे. त्यांच्यावर दया आली म्हणून? दया अशी नसते, दयेत झोप लागते. मला झोप नव्हती. खुर्चीत बसलो की पाय ठणकायचा, उभा राहिलो की ठणकायचा, चाललो की एक प्रकारचं बरं वाटायचं, कारण तेव्हा निदान दुखण्याला काम होतं. ऑफिसमध्ये माझ्या हातून दोन बग सुटले. आर्य, माझ्या टीममधला मुलगा, म्हणाला, "सर, ऑल ओके ना?" ऑल ओके. मी मूठभर साखरेने एका बाईचं पासष्ट वर्षांचं काहीतरी मोडलं होतं, जे माझ्या मते मुळात नव्हतंच. नसलेली गोष्ट मोडली तर काय मोडतं? हा प्रश्न मी मेलबॉक्सपर्यंत न्यायचो आणि परत आणायचो. पानं गळत होती. मेपलची ओली पानं घसरतात, त्यावरून न लंगडता चालणं हे वेगळंच कसब आहे. पुढे पुढे मला ते इतकं जमलं की आरशात पाहिलं तरी मी बरा दिसायचो. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी भुवई वर केली. "तुम्ही पट्टा वापरताय ना?" हो. "मग हे आधीपेक्षा वाईट कसं?"

दोरा झिजला. तीन गाठी नुसत्या धाग्यावर.

शेवटचा शनिवार. केव्हिनची भाड्याची गाडी, साठीचा केव्हिन, अर्ध्या चड्डीत, ऑक्टोबरमध्ये, खोकी ठेवत होता. "ती तुम्हाला बोलावतेय," तो म्हणाला. "गाठींबद्दल असणार. सांभाळा हं. माझ्या मागे तीस वर्षं लागली होती." मिसेस गेराटी त्यांच्या पोर्चवर खुर्चीत बसल्या होत्या, कोट घालून, पर्स मांडीवर. त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही.

"तिथेच थांब. आता चाल. रस्त्यापर्यंत जा आणि इथवर ये."

मी चाललो. हे आता लांबवत नाही. पहिल्या दिवसापेक्षा जास्त दुखत होतं आणि पहिल्या दिवसापेक्षा कमी दिसत होतं. तीन पायऱ्या कठड्याशिवाय चढलो आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो, आणि त्यांचे खांदे, जे तीन आठवडे कानाशी होते हे मला तेव्हा कळलं, खाली आले.

"वाचलं," त्या म्हणाल्या. "ये. कान इकडे कर."

तीन ओळी. त्यांच्या भाषेत. त्या मी इथे लिहिणार नाही, कागदावर चालत नाहीत. कानाला त्यांचा श्वास लागत होता, चहाचा आणि पेपरमिंटचा. त्या एक ओळ म्हणायच्या, मी मागून म्हणायचो. अर्थ विचारला नाही. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा सगळं बरोबर आलं. "तुझ्यानंतर बाईला. तुझी मुलगी आहे." केव्हिनने हॉर्न दिला. "मॉम, फ्लाइट!" त्यांनी माझ्या हाताला हात लावला, उठल्या, गेल्या. निरोप असा झालाच नाही.

मी पोर्चवर उभा राहून म्हणत होतो. पहिली ओळ. दुसरी. गाडी मागे आली, वळली, रस्त्याला लागली. पहिली. दुसरी. आणि मग नुसता एक चढ, आवाज कुठे वर जातो ते आठवतं आहे, शब्द नाहीत. पुन्हा पहिलीपासून. दुसरी. काही नाही. गाडीचे दिवे आमच्या गल्लीच्या तोंडाशी लागले. तिथून रूट नाइनला डावीकडे वळायचं तर कधी कधी पाच मिनिटं थांबावं लागतं, कधी कधी काहीच नाही.

फोनवर चालत नाही.

पायऱ्या मी कशा उतरलो माहीत नाही. पहिली दहा पावलं सवयीने ताठ टाकली, आणि तसं धावता येत नाही. ताठ धावता येतच नाही. तिथे मी पाय सोडून दिला. उजवा पाय ओढत, डाव्यावर उड्या मारत, तोंडाने काहीतरी आवाज करत, गल्लीच्या मधोमध धावलो. आणि धावताना मला गाडीचा उजवा आरसा दिसत होता, आणि आरशात मिसेस गेराटींचा चेहरा, आणि त्या मागे बघत होत्या. पहिल्या घरापासून. सगळं.

काच खाली आली. मी दारावर दोन्ही हात टेकले. श्वास मिळेना.

"काय राहिलं?" केव्हिन म्हणाला.

"तिसरी ओळ."

त्यांनी खिडकीतून वाकून माझ्या पायाकडे पाहिलं. बूट अर्धवट निघाला होता. दोरा नव्हता, वाटेत कुठे तरी पडला असेल, किंवा पोर्चवर, किंवा सकाळीच. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला वेळ होता. डावीकडून एक मोठा ट्रक येत होता, तो जाईपर्यंत वेळ होता.

"पहिल्यापासून," मी म्हणालो. "एकही दिवस बरा नव्हता."

ट्रक गेला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, मग तिच्या मागच्या गाडीने. केव्हिन म्हणाला, "मॉम." त्या समोर बघत होत्या, रस्ता मोकळा झाला होता तिकडे. मला वाटलं आता काच वर जाईल. मी हात काढले.

"काढू नकोस," त्या म्हणाल्या. आणि म्हणून दाखवलं, हळू, एकदाच, समोर बघतच.

मी म्हटलं.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हण."